वाचकांचे प्रश्न : कमी दिवसांच्या बाळाला ‘बीपीडी’ आहे, हे ठरतं कधी आणि कसं?

नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच होता. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, लांबत गेलेला ऑक्सिजन आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली ‘बीपीडी’ ही तीन अक्षरं. पूर्ण नाव ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया, म्हणजे अकाली जन्मलेल्या बाळाचा दीर्घकाळ टिकणारा फुफ्फुसविकार. निवडक पत्रांना नवजात शिशुतज्ज्ञांच्या गटानं दिलेली ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी १० जूनला जन्मली. २८ आठवडे ३ दिवस, वजन १०५० ग्रॅम. पाच दिवस व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकातून सतत हलका दाब देणारं साधन). ८ जुलैला एक डॉक्टर म्हणाले, २८ दिवस झाले तरी ऑक्सिजन सुटला नाही, म्हणजे बीपीडी झाला. दुसरे म्हणाले, ऑगस्ट उजाडेपर्यंत काही सांगता येणार नाही. आम्ही कोणाचं धरायचं? (द्राक्ष बागायतदार, तालुका निफाड)

उत्तर : दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. दोघं वेगवेगळ्या काळातल्या व्याख्या वापरत आहेत, एवढंच.

या आजाराचं पहिलं वर्णन १९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी केलं. ती बाळं आजच्या मानानं जास्त दिवसांची होती. व्हेंटिलेटरचा जास्त दाब आणि जास्त ऑक्सिजन यांमुळे त्यांच्या फुफ्फुसांत व्रण आणि गाठीसारखे घट्ट पट्टे तयार झाले होते, आणि ते एक्स-रेवर स्पष्ट दिसत. १९७९ पासून ‘२८ दिवसांनंतरही ऑक्सिजन लागतो का’ हा निकष पुढे आला. पुढे २५-२६ आठवड्यांची बाळंही जगू लागली, तसा तो अपुरा पडला. २५ आठवड्यांना जन्मलेलं बाळ २८ व्या दिवशी जेमतेम २९ आठवड्यांचं असतं. त्या वयात थोडा ऑक्सिजन लागला तर त्यावरून फार काही कळत नाही. १९८८ मध्ये टोरांटोच्या शेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुढे श्वसनाचा त्रास कोणाला राहील याचा अंदाज ३६ आठवड्यांच्या वयाला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून जास्त चांगला येतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तज्ज्ञांच्या व्याख्येनं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. एकूण किमान २८ दिवस ऑक्सिजन लागला तर बीपीडी आहे असं म्हणायचं, पण तो सौम्य की तीव्र हे ३६ आठवड्यांना ठरवायचं.

हे ३६ आठवडे जन्मापासूनचे नव्हेत. गर्भातले आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे यांची ती बेरीज आहे. तुमच्या मुलीचा हिशोब असा : ३६ आठवड्यांतून २८ आठवडे ३ दिवस वजा केले की उरतात ७ आठवडे ४ दिवस, म्हणजे ५३ दिवस. १० जूनपासून ५३ दिवस म्हणजे २ ऑगस्ट. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवसाच्या आसपास तिला किती आधार लागतो, ते फाइलमध्ये नोंदवलं जाईल याची खात्री करा. हा हिशोब पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून झाला आहे की पाळीच्या तारखेवरून, हेही विचारा. पाळीची तारीख अंदाजे सांगितलेली असेल तर एखाद-दोन आठवडे सहज इकडे-तिकडे होतात आणि निदानाचा दिवसच चुकतो.

फुफ्फुसांत नेमकं काय बिघडतं, हे तुम्हाला बागेवरून चटकन कळेल. फुफ्फुसातले वायुकोश घडातल्या मण्यांसारखे असतात. विरळणी केली की मणी कमी राहतात आणि प्रत्येक मणी फुगतो. बागेत आपल्याला तेच हवं असतं, फुफ्फुसात मात्र तेच नुकसान ठरतं. वायुकोश संख्येनं कमी आणि आकारानं मोठे राहिले, की ऑक्सिजन रक्तात शिरण्यासाठी लागणारा एकूण पृष्ठभाग घटतो, आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्याही कमीच वाढतात. २८ व्या आठवड्याला मुळात हे कोश तयारच नसतात, त्यांच्या जागी नुसत्या पिशव्या असतात. खरे वायुकोश ३२ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास बनू लागतात. नेमक्या त्याच वेळी व्हेंटिलेटरचा ताण, जादा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग आणि अपुरं पोषण यांचा मारा होतो. दिलासा एवढा, की वायुकोश जन्मानंतरही निदान पहिली दोन-तीन वर्षं नव्यानं बनत राहतात. म्हणून ८ जुलैच्या उत्तरापेक्षा २ ऑगस्टचं उत्तर अधिक भरवशाचं.

प्रश्न : बाळाचा छातीचा एक्स-रे ‘जवळपास नॉर्मल’ आला, तरी कार्डावर बीपीडी लिहिलं आहे. सी.टी. स्कॅन करून खात्री करावी का? (एक आई, सिडको)

उत्तर : नको. आज बीपीडीचं निदान एक्स-रेवर होत नाही. ते बाळाला कोणता आधार किती दिवस लागला आणि ३६ आठवड्यांना किती लागतो यावर होतं. आजच्या बाळांत दिसणाऱ्या बीपीडीत एक्स-रे नुसता धुरकट किंवा अगदी साधाही दिसू शकतो. एक्स-रे काढायचा तो दुसरं काही शोधायला : फुफ्फुसाचा एखादा भाग मिटला आहे का, न्यूमोनिया आहे का, हृदय मोठं दिसतं का. सी.टी. स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग जास्त असतो, बाळाला झोपेचं औषध द्यावं लागू शकतं आणि उपचार क्वचितच बदलतात. व्हेंटिलेटर सुटतच नाही अशा मोजक्या बाळांसाठी तज्ज्ञ तो मागवतात. ‘आता बीपीडी गेला का’ हे बघायला दर भेटीला एक्स-रे काढणं तर पूर्ण टाळा.

प्रश्न : मी एका नवजात शिशु कक्षात परिचारिका आहे. ३६ आठवड्यांना ऑक्सिजन काढून बघायची चाचणी करा, असं सांगितलं जातं, पण प्रत्येक जण ती वेगळी करतो. नेमकी कशी करावी? (सिन्नर)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. बाळाला ‘लागतो’ म्हणून नळी आहे की ‘लावलेली आहे’ म्हणून आहे, हा फरक याच चाचणीतून कळतो. अनेक बाळांची नळी केवळ कोणी काढून पाहिली नाही म्हणून राहते. वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही पद्धत नीट बांधून दिली.

आधी कोणाची चाचणी करायची नाही ते. ३६ आठवड्यांना व्हेंटिलेटरवर किंवा सीपॅपवर असलेल्या बाळाची चाचणी नको. त्याला बीपीडी आहेच. प्रत्यक्ष मिळणारा ऑक्सिजन ३० टक्क्यांहून जास्त असूनही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९६ च्या पुढे जात नसेल, तर त्याचीही नको. ऑक्सिजन ३० टक्के किंवा कमी आहे, किंवा त्याहून जास्त आहे पण सॅच्युरेशन ९६ च्या वर राहतं, त्या बाळाची करा.

बाळ उताणं, शांत, दूध पाजून अर्धा तास झालेलं असावं. त्याच दिवशी डोळ्यांची तपासणी, लस किंवा रक्त चढवणं झालं असेल तर दुसरा दिवस निवडा. ऑक्सिमीटरचा प्रोब (सॅच्युरेशन मोजणारी पट्टी) पायाला गुंडाळा, त्यावर कापड झाका, पडद्यावरचे नाडीचे ठोके आणि स्टेथोस्कोपचे ठोके जुळतात का ते पाहा. पंधरा मिनिटं आहे त्या ऑक्सिजनवर नोंद ठेवा. मग ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) असेल तर दर ५ मिनिटांनी २ टक्के कमी करत २१ पर्यंत, म्हणजे साध्या हवेपर्यंत, या. नुसती नळी असेल तर प्रवाह मिनिटाला ०.१ लिटरच्या टप्प्यानं उतरवा आणि शेवटी नळी नाकातून काढा. नळी नाकात ठेवून फक्त प्रवाह बंद करणं चालणार नाही, कारण त्यानं नाकपुडी अरुंद होते आणि बाळ उगाच नापास होतं. यानंतर साध्या हवेवर ३० मिनिटं बाळापाशीच बसून पाहा. सॅच्युरेशन ९० किंवा वर राहिलं तर बीपीडी नाही. ९० च्या खाली सलग ५ मिनिटं राहिलं किंवा ८० च्या खाली १५ सेकंद गेलं, की चाचणी थांबवा, ऑक्सिजन पूर्ववत करा आणि ‘नापास’ लिहा. बाळ हलल्यामुळे आकडा पडला असेल तर तो धरू नका. मात्र तसं कारण नोंदवा. नुसतं खोडू नका.

आता प्रत्यक्ष मिळणारा ऑक्सिजन किती, हे काढायची पद्धत. नळीतून शुद्ध ऑक्सिजन जात असला तरी बाळ त्यासोबत खोलीतली हवाही ओढतं. ढोबळ सूत्र असं : लिटरमधल्या प्रवाहाला किलोतल्या वजनानं भागा, ७९ नं गुणा आणि त्यात २१ मिळवा. २ किलोच्या बाळाला पाव लिटर म्हणजे साधारण ३१ टक्के. तेवढाच पाव लिटर दीड किलोच्या बाळाला दिला तर ३४ टक्के. २ किलोच्या बाळाला ०.१ लिटर म्हणजे जेमतेम २५ टक्के. प्रवाहाचा आकडा वजनाच्या आकड्यापेक्षा लहान असेपर्यंतच हे सूत्र लावा. नोंदवहीत ‘ऑक्सिजन चालू’ एवढंच लिहिलं तर या हिशोबाला काहीच उरत नाही. प्रवाह, टक्केवारी, वजन आणि सॅच्युरेशन हे चारही आकडे रोज लिहा.

सर्वांत मोठी चूक चाचणीच्या आधीच्या दिवसांत होते. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५ मध्ये ठेवायचं असतं. ९८-९९ दिसलं की नातेवाईक आणि कधीकधी आपणही खूश होतो; प्रत्यक्षात ते जादा ऑक्सिजनचं लक्षण आहे. त्यानं फुफ्फुसांचं नुकसान होतं आणि डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचा धोका वाढतो. वरच्या बाजूचा अलार्म बंद करून ठेवू नका.

प्रश्न : एका कार्डावर ‘मॉडरेट’ आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या कार्डावर ‘ग्रेड २’ लिहिलं आहे. आजार वाढला का? (मालेगाव)

उत्तर : तसं नाही. मोजपट्ट्या दोन आहेत. २००१ च्या व्याख्येत, ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला २८ दिवस ऑक्सिजन लागला आणि ३६ आठवड्यांना ते साध्या हवेवर आलं तर सौम्य, ३० टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन लागला तर मध्यम, ३० किंवा जास्त किंवा सीपॅप-व्हेंटिलेटर लागला तर तीव्र.

पुढे हाय-फ्लो, म्हणजे जास्त प्रवाहाच्या नळ्या आल्या आणि अडचण झाली. ज्या बाळाला २१ टक्केच, पण ४ लिटरचा प्रवाह लागतो त्याला कुठे बसवायचं? २०१९ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी १८ वेगवेगळ्या व्याख्या पडताळून पाहिल्या. दोन वर्षांच्या वयाला मूल कसं असेल, हे कोणती व्याख्या सर्वांत नीट सांगते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधं निघालं : ऑक्सिजनची टक्केवारी सोडा, ३६ आठवड्यांना कोणतं साधन लागतं ते पाहा. काहीच लागत नसेल तर बीपीडी नाही. २ लिटरपर्यंतची नळी असेल तर ग्रेड १. २ लिटरच्या वर प्रवाह किंवा सीपॅपसारखा बाहेरून दिलेला दाब असेल तर ग्रेड २. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर असेल तर ग्रेड ३.

म्हणून ‘मॉडरेट’चं भाषांतर ‘ग्रेड २’ असं आपोआप होत नाही. सीपॅपवरचं बाळ जुन्या पट्टीत तीव्र आणि नव्या पट्टीत ग्रेड २ असतं. कार्डावर व्याख्येचं वर्ष आणि ३६ आठवड्यांचं साधन दोन्ही लिहून घ्या. बाळ ३२ आठवड्यांनंतर जन्मलेलं असेल तर २००१ च्या व्याख्येत ३६ आठवड्यांऐवजी जन्मापासूनचे ५६ दिवस धरतात.

प्रश्न : मुलगा आता ३७ आठवड्यांचा आहे, अजून १ लिटरची नळी आहे. दूध पाजताना निळसर पडतो. सगळं बीपीडीमुळेच असं सांगतात. दुसरं काही असू शकतं का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : असू शकतं, आणि शोधायलाच हवं. बीपीडी हे नाव ‘आधार सुटत नाही’ एवढं सांगतं. का सुटत नाही, ते सांगत नाही.

तुमच्या पत्रातला धागा दूध पाजण्याचा आहे. या वयात चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ पूर्ण बसलेला नसतो. थोडं थोडं दूध श्वासनलिकेत जात राहिलं तर फुफ्फुस सुधारत नाही. काही दिवस नाकातल्या नळीनं दूध देऊन सॅच्युरेशन सुधारतं का ते पाहावं. घशात जोरात दूध ओतणारं बोंडलं किंवा मोठ्या भोकाची बाटली तर नकोच. अंगावर पाजताना बाळाचं डोकं उंच ठेवा, आणि पान्हा जोरात येत असेल तर आधी थोडं दूध काढून टाका.

पुढची तपासणी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. हृदयाजवळची जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहिली तर फुफ्फुसांत रक्ताचा लोंढा वाढतो. याउलट फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला तर बाळ अचानक, विनाकारण निळं पडतं. बीपीडीतली ही सर्वांत घातक गुंतागुंत आहे. म्हणून ग्रेड २ किंवा ३ असलेल्या प्रत्येक बाळाचा इको ३६ आठवड्यांच्या सुमारास व्हावा, आणि वजन वाढत नसेल किंवा ऑक्सिजनची गरज चढत असेल तर पुन्हा. तो करताना बाळ शांत आणि सॅच्युरेशन ९२ च्या वर असावं, नाहीतर दाब खोटा वाढलेला दिसतो.

बाळ जास्त दिवस व्हेंटिलेटरवर होतं आणि आता श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, तर स्वरयंत्राखाली नलिका अरुंद झाली आहे का, हे दुर्बिणीनं पाहावं लागतं. रडताना घरघर वाढते आणि वाफेच्या औषधानं फरक पडत नाही, किंवा त्रास वाढतो, तेव्हा श्वासनलिकाच मऊ असण्याची शक्यता असते. रक्त कमी असणं हेही एक साधं कारण आहे. एका रात्रीत ऑक्सिजन दुप्पट लागू लागला, तर तो बीपीडी नव्हे, जंतुसंसर्ग आहे असं धरून तपासायचं.

आणि एक. ज्या बाळाचा ऑक्सिजन दुसऱ्या आठवड्यात सुटला होता आणि सहाव्या आठवड्यात नव्यानं लागू लागला, त्याला घाईनं बीपीडी म्हणू नये. आधी न्यूमोनिया आणि हृदय तपासावं.

प्रश्न : नातवाला घरी आणलं आहे. आमच्याकडे अंघोळीनंतर शेगडीवर ओव्याची धुरी, नाकात तेलाचे दोन थेंब आणि गुटी देतात. डॉक्टर नाही म्हणतात. इतकी मुलं वाढली, या एकालाच का नको? (आजी, पंचवटी)

उत्तर : आजी, बाळाला जपण्याची तुमची तळमळ पत्रात दिसते, म्हणून स्पष्ट सांगतो. पूर्ण दिवसांच्या बाळालाही धूर चांगला नाही. या बाळाच्या फुफ्फुसांत तर राखीव ताकद नाहीच. निखाऱ्याचा धूर, उदबत्ती, डास पळवायची अगरबत्ती, घरातली विडी-सिगारेट या सगळ्यांनी त्याच्या श्वासनलिका आवळतात, सूज येते आणि एका सर्दीत त्याला पुन्हा रुग्णालयात न्यावं लागतं. घरी ऑक्सिजन चालू असेल तर निखारा आणि देवापुढचं निरांजन आगीचंही कारण ठरतं. नाकातलं तेल घशातून फुफ्फुसात उतरतं, तिथून ते बाहेर येत नाही आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया महिनोन्‌महिने रेंगाळतो. गुटी पाजताना ठसका लागण्याची भीती आहे, शिवाय सहाणेवरून जंतू पोटात जातात.

तुमच्या हातचं मालिश मात्र राहू द्या. खोली उबदार ठेवून, हलक्या हातानं, छाती न दाबता. शेकायच्या ऐवजी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या. आईला विश्रांती हवी असेल तेव्हा तुम्हीही धरू शकता. बाळाचं टोपडं-मोजे सांभाळणं आणि हात धुतल्याशिवाय कोणी बाळाला घ्यायचं नाही हा नियम, हे दोन्ही तुमच्या ताब्यात ठेवा. पाहुण्यांना दारातून परत पाठवणं सुनेपेक्षा तुम्हाला सोपं जाईल.

प्रश्न : घरी ऑक्सिजन द्यावा लागेल असं सांगितलंय. काय काय घ्यायचं? वीज गेली तर? (नाशिकरोड)

उत्तर : घरी सोडण्याआधी तीन गोष्टी बसलेल्या असाव्यात. ऑक्सिजनचा प्रवाह काही दिवस स्थिर, त्या प्रवाहावर सॅच्युरेशन ९३ किंवा वर, आणि वजन रोज २० ते ३० ग्रॅम वाढणारं.

घरासाठी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) पुरतो. त्यातून सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन येतो. मोठ्यांसाठीच्या यंत्राच्या मीटरवर बहुधा अर्धा लिटर ही सर्वांत खालची खूण असते, आणि तुमच्या बाळाला लागणार आहे ०.१ किंवा ०.२ लिटर. म्हणून कमी प्रवाहाचा वेगळा फ्लोमीटर मागा. ‘काटा थोडा वर ठेवा, काही होत नाही’ असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. नवजात मापाच्या नाकाच्या नळ्या निदान चार घ्या, गालावर चिकटवायला मऊ पट्टी घ्या. नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावू नका. इतक्या कमी प्रवाहाला ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली सहसा लागत नाही. उलट बारीक नळीत पाण्याचे थेंब अडकून प्रवाह बंद पडतो आणि यंत्र मात्र चालू दिसतं. शंका आली तर नळी बाळाच्या नाकातून काढून टोक वाटीतल्या पाण्यात धरा. बुडबुडे आले तर प्रवाह आहे. टोक पुसून कोरडं करून मगच लावा.

विजेसाठी बी-टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. पाव लिटरच्या वेगानं तो १०० तास पुरेल, ०.१ लिटरनं २५० तास. पूर्ण रिकामा होईपर्यंत मात्र थांबू नका. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेतो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरच्या नव्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तीन-साडेतीन तासच चालेल असं धरा. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला, गॅसच्या शेगडीपासून निदान दहा फूट लांब. त्याच्या तोंडाला तेलकट हात लावायचे नाहीत. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतात.

बोटाला लावायचा मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाला चालत नाही. पायाला गुंडाळायच्या प्रोबचा घ्या. झोपेत, जागेपणी आणि दूध पितानाचे आकडे वहीत लिहा. ऑक्सिजन कधी कमी करायचा, ते डॉक्टर त्याच वहीवरून ठरवतील. दिवसा गुलाबी दिसतो म्हणून रात्रीची नळी स्वतःहून काढू नका. बहुतेक बाळांचं सॅच्युरेशन झोपेतच उतरतं.

मिनिटाला ६० च्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध निम्म्यावर येणं, ओठ निळे पडणं, श्वास थांबणं, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सिलिंडर बाळाबरोबर न्या.

प्रश्न : माझ्या बहिणीचं पहिलं बाळ ३० आठवड्यांत झालं होतं. आता पुन्हा दिवस गेले आहेत. बीपीडी टाळता येतो का? (आशा कार्यकर्ती, सुरगाणा)

उत्तर : पूर्ण टाळण्याचा उपाय नाही, पण धोका कमी करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि पहिली तुमच्या हातात आहे. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शनं, १२ तासांच्या अंतरानं चार, द्यायची असतात. पहिलं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच, पुढे पाठवण्याआधी देता येतं. त्यानं श्वसनाचा तीव्र त्रास, मेंदूतला रक्तस्राव आणि मृत्यू कमी होतात. बीपीडीवर त्याचा थेट परिणाम तितका ठळक नाही, तरी सुरुवात चांगली झाली की पुढची लढाई लहान होते. दुसरं, बाळ पोटात असतानाच नाशिकला न्या. जन्मल्यावर घाटातून नेण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु काळजी कक्ष आहे. २८ आठवड्यांच्या आतलं बाळ होण्याची शक्यता असेल तर व्हेंटिलेटर आणि सर्फॅक्टंट (फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध) कुठे मिळेल, हे आधीच विचारून ठेवा.

जन्मानंतर शक्य तिथे व्हेंटिलेटरऐवजी लगेच सीपॅप, गरज असेल तर लवकर सर्फॅक्टंट, आईचं दूध आणि श्वासाला चालना देणारं कॅफिन हे औषध. २००६ च्या मोठ्या चाचणीत कॅफिन मिळालेल्या गटात ३६ आठवड्यांना ऑक्सिजन लागणारी बाळं शंभरात ३६ होती. न मिळालेल्या गटात ४७. डेक्सामेथासोन बाळालाही देतात, पण पहिल्या आठवड्यात दिल्यास मेंदूच्या अपंगत्वाचा धोका वाढतो, म्हणून ते व्हेंटिलेटर सुटत नाही अशा निवडक बाळांना, उशिरा आणि कमी मात्रेत.

खर्चाबद्दल : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत उपचार, औषधं आणि वाहन मोफत आहे. हे बहिणीच्या सासरी आधीच सांगा, म्हणजे पैशांसाठी वेळ जाणार नाही.

प्रश्न : मुलगा ७ महिन्यांचा, ऑक्सिजन सुटून महिना झाला. लसी कधी द्यायच्या, आणि जावळासाठी सप्तशृंगगडावर न्यायचं आहे, नेऊ का? (दिंडोरी)

उत्तर : लसी जन्मतारखेवरून, ठरल्या वयाला. किती आठवडे आधी जन्मला ते वजा करायचं नाही. न्यूमोकॉकल लस सरकारी वेळापत्रकात आहे, तीही पूर्ण करा. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस दोन डोसांत, चार आठवड्यांच्या अंतरानं. घरातल्या मोठ्यांनीही घ्यावी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती. झाली नसेल तर आजच करा. वाढ आणि हालचाल मोजताना मात्र आठवडे वजा करा. दोन वर्षांपर्यंत तसंच मोजतात.

जावळ पुढे ढकला. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि गड त्याहून बराच उंच. निरोगी माणसाला तो फरक जाणवत नाही, पण ऑक्सिजन नुकताच सुटलेल्या बाळाचं झोपेतलं सॅच्युरेशन तेवढ्यानंही खाली येऊ शकतं. त्यात गर्दीतला खोकला, धूप आणि नांदुरीच्या घाटातली उलटी. साध्या हवेवर रात्रभर ९३ च्या वर राहतो, वजन वाढतंय आणि एक पावसाळा-हिवाळा दवाखान्यात न राहता गेला आहे, एवढं झालं की डॉक्टरांना विचारून, यात्रेची गर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी जाऊन दुपारच्या आत परत या. प्रोबचा ऑक्सिमीटर सोबत ठेवा आणि वर पोचल्यावर बाळ झोपलं की एकदा आकडा पाहा.